मुक्कामी गाडीतला एक दिवस

पहाटे ४.३०

नळाला पाणी आलं की आमचा दिवस सुरू होतो. पाइप जोडून मी गाडीच्या टाकीत पाणी सोडते, टाकीच्या तोंडाला सुती फडकं बांधून, म्हणजे कचरा आत जात नाही. टाकी शंभर लिटरची. दोघांना ती दोन दिवस पुरली पाहिजे, हा घरचा नेम. रोज पिण्याला आणि स्वयंपाकाला दहा-बारा लिटर, आंघोळीला माणशी अर्धी बादली, भांड्यांना पाच-सहा, संडासाला तेवढंच, बाकी हातपाय धुवायला. मराठवाड्यातल्या बाईला हा हिशोब कुणी शिकवावा लागत नाही.

हे पाणी जायकवाडीचं. पैठणच्या नाथसागरातून उचललेलं, वाळूजच्या कारखान्यांना आणि आमच्या बजाजनगरला मिळणारं. पैठणचं पाणी भरून आम्ही आज पैठणच्याच जुन्या व्यापारी वाटेला लागणार आहोत. सातवाहनांच्या काळी पैठणहून निघालेले तांडे या डोंगरांतून खिंड उतरून खानदेशात जात आणि तिथून पुढे भडोचच्या बंदराकडे. त्या वाटेवरचं पितळखोरं सकाळी आणि वेरूळ दुपारी, असा आजचा बेत.

गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. मागची आसनं काढून पलंग, ओटा, कपाट आणि दाराशेजारी छोटी मोरी बसवली आहे. असे बदल परस्पर करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणी झालेल्या गाडीची मूळ रचना परवानगीशिवाय बदलायला मनाई आहे. म्हणून मान्यता असलेल्या ठिकाणी काम करून घ्यायचं, आरटीओकडून तपासणी आणि आरसीवर तशी नोंद करून घ्यायची, विम्यातही ते लिहून घ्यायचं. ज्यांच्या मनात अशी गाडी आहे त्यांनी कागदाचं काम आधी करावं, पडद्यांचा रंग नंतर निवडावा.

हे, म्हणजे माझे यजमान, मागे गॅसची नळी, टायरमधली हवा, बॅटरीचा आकडा बघतात. ओट्यावरची प्रत्येक वस्तू कपाटात गेली की नाही, हे मी बघते. गाडी चालू झाल्यावर उघडी राहिलेली एक बरणीसुद्धा सगळीकडे सांडायला पुरेशी असते.

पहाटे ५.१५

मोहटादेवी चौकात पहिल्या पाळीची माणसं उभी आहेत. हातात डबा, गळ्यात ओळखपत्र, कानाला मफलर. कंपन्यांच्या बस एकामागून एक येतात. हे गाडी हळू करतात, ओळखीच्या दोघाचौघांना हात करतात.

बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती लहानमोठे कारखाने उभे राहिले. बुलडाणा, जळगाव, परभणी, बीड, यवतमाळ, कुठूनकुठून माणसं आली. गावं वेगळी, बोली वेगळ्या, पण बजाजनगरात सगळ्यांचं घड्याळ एकच झालं: पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. हे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. आमचं जेवण, झोप, मुलांच्या शाळा, सणवार, सगळं पाळीवर ठरायचं.

त्या काळात वेरूळ आम्ही पाहिलं नाही असं नाही. पाहुणे आले की वेरूळ, हे इथल्या प्रत्येक घरचं ठरलेलं. रविवारी नाश्ता करून निघायचं, बारा-एकच्या उन्हात कैलास लेण्यात शिरायचं, पोरांचे हात धरून दोन-तीन लेणी पळत बघायची, घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि दिवेलागणीच्या आत परत, कारण सोमवारी पाळी. तीस किलोमीटरवर राहून आम्हाला त्या डोंगराची सकाळ माहीत नव्हती, संध्याकाळही माहीत नव्हती. ही गाडी घेतली ती दूरच्या प्रवासाच्या हौसेनं, पण ती सर्वात जास्त उपयोगी पडली ती दाराजवळच्या ठिकाणांना. जागेजवळ मुक्काम करता आला की तिची योग्य वेळ गाठता येते. एवढ्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप आहे, आणि तो करण्यासारखा आहे.

साजापूर, करोडी ओलांडून आम्ही धुळे-सोलापूर महामार्गाला लागतो. दौलताबाद घाटाचा जुना रस्ता सुंदर खरा, पण तो किल्ल्याच्या तटाच्या दरवाजातून जातो. तिथं दोन्हीकडून वाहनं अडकतात आणि उंच गाडीला कमानीकडे बघत बघत पुढं सरकावं लागतं. त्या दरवाजानं शतकानुशतकं ऊन-पाऊस सोसलाय, त्याला आमच्या टपाची धडक कशाला? म्हणून वळसा पडला तरी महामार्ग.

सकाळी ६.४५

कन्नड. बसस्थानकासमोर चहा, गाडीत डिझेल. माघाची थंडी अजून आहे. आलं विकायला निघालेले शेतकरी पोती टेम्पोत चढवतायत. कन्नड-खुलताबादचा हा पट्टा आल्याच्या पिकाचा. मी पाव किलो ताजं आलं घेते. भाजी, दूध, पाव इथंच घ्यायचं, घरून भरून न्यायचं नाही, हाही आमचा नेम. ज्या गावाच्या रस्त्यावरून आपण जातो, ज्याच्या विहिरीचं पाणी घेतो, त्या गावात चार पैसे खर्च झाले पाहिजेत.

सकाळी ७.३०

चाळीसगाव रस्त्यावरून डावीकडे फाटा फुटतो, तो पितळखोऱ्याला जातो. हा सगळा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा. १९८६ साली जाहीर झालेलं, छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं जंगल. घाटाला नाव मिळालं ते जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभी केली ती त्यानं.

रस्त्याच्या कडेला पळस फुलायला लागला आहे, साग उघडाबोडका झालाय. या जंगलात बिबट्या आहे, अस्वल आहे, रानडुक्कर, भेकर, मोर आहेत. २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत इथं येऊन पोचला होता. कित्येक वर्षांनी या डोंगरात वाघाचं पाऊल उमटलं. शेतं, रस्ते, कालवे, वस्त्या ओलांडत तो आला, म्हणजे वाटेत कुठंकुठं त्याला लपायला झाडोरा मिळाला असणार. जंगलाच्या लहानसहान तुकड्यांची किंमत मला त्या बातमीनं कळली.

अभयारण्यात चूल नाही, गॅस नाही, गाणी नाहीत, अन्न बाहेर टाकणं नाही. सूर्यास्तानंतर थांबणं नाही. आमच्यासारख्या गाडीवाल्यांनी हे जास्त काटेकोर पाळलं पाहिजे, कारण आमच्याकडे सगळी सोय असते आणि सोय असली की मोह होतो. खरकट्यासाठी वास बाहेर येऊ न देणारी, झाकण घट्ट बसणारी बादली आम्ही खास घेतली आहे. माकडांना एकदा पोळीची सवय लागली की ती रस्त्यावर येऊन बसतात आणि गाड्यांखाली मरतात.

सकाळी ८.००

खाली उतरायला शेकडो पायऱ्या. गुडघे माझे, त्यामुळे गती माझी. हे पुढं जाऊन वळणावर थांबतात.

पितळखोरं वरून दिसत नाही. पठाराच्या कडेवरून दरीत उतरत गेलं की कातळाच्या पोटात एकेक दालन उघडं पडतं. सगळी मिळून चौदा लेणी, सुरुवातीची इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. म्हणजे वेरूळच्या आधी कित्येक शतकं इथं छिन्नी चालू होती. दगड ठिसूळ, पाण्यानं झिजलेला. पुष्कळ दर्शनी भाग कोसळून गेला आहे. १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या मधुसूदन नरहर देशपांडे यांनी इथला राडारोडा हलवून अभ्यास केला, तेव्हा गाडली गेलेली किती तरी शिल्पं वर आली.

आम्ही चौथ्या क्रमांकाच्या विहाराजवळ बसतो. जोत्यावर हत्तींची रांग आहे, समोरून तोंड काढून उभी. प्रवेशाच्या पायऱ्यांपाशी दोन द्वारपाल आहेत. अंगात बाह्यांचा अंगरखा, हातात भाला नि ढाल, ओठांवर ओळखीचं हसू. एवढ्या आडरानात दोन हजार वर्षं पहारा देऊनही चेहऱ्यावर त्रास नाही. सकाळच्या कोवळ्या उजेडात त्यांच्या कपड्यांच्या चुण्या, कानातले दागिने स्पष्ट उठून दिसतात. शेजारच्या तिसऱ्या लेण्यात, चैत्यगृहात, अष्टकोनी खांबांवर रंगवलेल्या बुद्धमूर्ती अजून ओळखू येतात.

यांना मूर्तीपेक्षा मूर्ती करणारा माणूस जास्त जवळचा. इथं सापडलेली एक यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दोन्ही हात वर करून डोक्यावरचं भांडं तोलणारा, पोट सुटलेला, तोंडभर हसणारा यक्ष. त्याच्या हातावर कोरलंय की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनारानं केली. सोनाराचा हात दगडात कसा ओळखावा ते यक्षाच्या गळ्यातल्या नि दंडातल्या दागिन्यांकडे पाहिलं की कळतं. दागिना करणाऱ्यानंच दागिना कोरलेला आहे.

खांबांवर, भिंतींवर दानलेख आहेत. पैठणच्या मितदेवानं, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घरातल्या माणसानं, एक खांब दिला. राजवैद्य मगिलानं आणि त्याच्या मुलाबाळांनीही दान दिलं. राजाचा खजिना इथं कमी दिसतो. सोनार, गंधी, वैद्य अशा हातानं कमावणाऱ्या लोकांनी एकेक खांब, एकेक दालन उचललं. वाटेवरून जाणाऱ्या व्यापाऱ्याला इथं पाणी मिळत असेल, डोक्यावर छप्पर मिळत असेल, म्हणून तोही चार पैसे देऊन जात असेल. हे बराच वेळ हत्तींच्या पायापाशी बसून टाक्याच्या खुणा बोटानं नव्हे, नजरेनं चाचपतात. हात लावायचा नाही हे त्यांना सांगावं लागत नाही. टूलरूममध्ये घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागाला घामट बोट लावलं तर काय होतं, हे ते नव्या पोरांना शिकवत आले.

खालच्या अंगाला, डोंगर उतरल्यावर, खानदेशात पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. एकाच डोंगराच्या दोन अंगांना भिक्षूंची लेणी आणि गणिताची शाळा. ही वाट नुसती मालाची नव्हती, हे इथं बसलं की कळतं.

सकाळी १०.३०

वर चढून आले तेव्हा गुडघे बोलत होते. गाडीत शिरून पाच मिनिटं मोरीत जाता आलं, तोंडावर पाणी मारता आलं.

बायकांच्या प्रवासातली पहिली चिंता फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. घरून निघाल्यापासून पाणी प्यायचं नाही, दिलेला चहा नाकारायचा, दुपारपर्यंत ओटीपोट दुखायला लागलं की कधी घरी जातो असं व्हायचं. लेणी बघताना अर्धं लक्ष त्यातच. माझ्या वयाच्या किती तरी जणींनी या कारणानं सहली सोडल्या आहेत. गाडीतल्या पेटीच्या संडासानं मला हे किल्ले, ही जंगलं मोकळ्या मनानं बघायला दिली. बाहेर ओढून काढता येणारी वीस लिटरची पेटी असते. ती भरली की नीट बंद करून न्यायची आणि सेप्टिक टाकी असलेल्या पक्क्या संडासातच रिकामी करायची. ओढ्यात नाही, झुडपात नाही, उघड्या गटारात नाही. ज्याला हे जमणार नसेल त्यानं अशी गाडी घेऊ नये.

दुपारी १२.००

अभयारण्याबाहेर, कन्नडच्या अलीकडे, एका वडाखाली गाडी लावली. जागा शेतमालकाला विचारून घेतली आहे. तो म्हणाला, “लावा की काका, सावलीला काय पैसे पडतात?” जाताना त्याच्या मुलीच्या हातावर आम्ही खाऊ ठेवतो.

गाडीतला ओटा दीड हाताचा. तिथं पाच भांडी पसरून स्वयंपाक होत नाही, म्हणून दुपारचं जेवण ठरलेलं: येसराची आमटी, भाकरी, घोळाना. येसर ही मराठवाड्याच्या बायकांची खरी शिदोरी. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून, मसाल्यासकट दळून ठेवायची. लसणाची फोडणी दिली, पाणी ओतलं, येसर कालवून सोडलं की दहा मिनिटांत आमटी उकळते. डाळ शिजवायचा गॅस वाचतो, कुकर घासायचं पाणी वाचतं. आज घोळान्याला हरभऱ्याची कोवळी पानं शेतातूनच मिळाली. कांदा, दाण्याचं कूट, तिखट-मीठ, वर कच्चं तेल. भाकऱ्या मी दाराबाहेर छोट्या शेगडीवर करते. हे समोर बसून एकेक गरम उचलतात.

भांड्यांची रीत सांगते, कारण पाण्याचं सगळं गणित तिथं आहे. ताट भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं पुसून घ्यायचं, ते आम्ही लहानपणापासून करतोच. मग ओल्या फडक्यानं तेलकटपणा काढायचा. मग एका पातेल्यात साबणाचं थोडं पाणी, दुसऱ्यात साधं. चमचे आणि पेले आधी, आमटीचं भांडं शेवटी. सगळं दोन तांब्यांत आटोपतं. सांडपाणी खालच्या वेगळ्या टाकीत जमतं.

दुपारी १.३०

या वेळेला माणसाला सावली हवी असते आणि टपावरच्या सौर तावदानांना ऊन. दोन्ही एकदम मिळत नाही. म्हणून जेवण झालं की गाडी वडाखालून दहा पावलं पुढं घेतो, आम्ही दोघं सतरंजी घेऊन मागं सावलीतच राहतो. उन्हात बॅटरी भरून येते. तिच्यावर रात्रीचे दिवे, पंखा, छोटा फ्रिज आणि पाण्याचा पंप चालतो. इंजिन चालू ठेवून पंखा लावायची पाळी येत नाही, धूर नाही, आवाज नाही.

अर्धा तास पडायचं. पाळी करणाऱ्या माणसाला कुठंही, केव्हाही झोप येते. तो गुण निवृत्तीनंतरही उपयोगी पडतो आहे.

दुपारी ३.००

वेरूळ. आज बुधवार. मंगळवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवून दिवस धरलाय. पाहुण्यांच्या गाड्या निघायच्या बेतात आहेत, शाळांच्या सहली घंटा वाजल्यासारख्या बसकडे पळतायत.

वेरूळची चौतीस लेणी ज्या कड्यात कोरली आहेत, त्याचं तोंड पश्चिमेला. सकाळी ऊन डोंगराच्या पाठीवर असतं, लेण्यांच्या तोंडाशी सावली. माध्यान्ही उजेड डोक्यावर, आत काळोख. तीननंतर सूर्य कलतो आणि समोरून आत शिरतो. वर्षानुवर्षं आम्ही नेमक्या चुकीच्या वेळेला इथं येत होतो, आणि आमच्यासारखे हजारो लोक अजून येतात.

कैलासाच्या अंगणात आम्ही उजव्या हातानं प्रदक्षिणेला लागतो. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे काम मुख्यतः झालं. अंगण सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद. मागचा कडा शंभर फुटांहून उंच. डोंगराला वरून तीन बाजूंनी चर खणले, मधे सुटा ठोकळा राहिला, आणि त्या ठोकळ्यातून कळसापासून पायथ्याकडे मंदिर उतरवत आणलं. यांचं बोट हवेत वरून खाली फिरतं. “अगं, आमच्याकडे जॉब बिघडला तर रिजेक्ट करून दुसरा लावायचो. इथं दुसरा डोंगर कुठून आणणार?” शिखरावर काम करणाऱ्याला खाली हत्ती कुठं येणार, पूल कुठं येणार, किती दगड शिल्लक ठेवायचा हे आधीच ठाऊक असलं पाहिजे. आणि तो स्वतः खालचे हत्ती पाहायला उरेलच असंही नाही. त्याच्या मुलानं, नातवानं ते घडवले असतील.

बडोद्याला सापडलेला राष्ट्रकूटांचा इ. स. ८१२च्या सुमाराचा एक ताम्रपट आहे. त्यात या मंदिराचं वर्णन येतं: ते पाहून देवही थक्क झाले, आणि ज्या शिल्पकारानं ते केलं तोही हे आपल्या हातून कसं घडलं म्हणून चकित झाला, असं काम पुन्हा होणार नाही असं त्याला वाटलं. राजाच्या स्तुतीसाठी लिहिलेल्या ताम्रपटात कारागिराच्या मनातली ही गोष्ट आली, याचं यांना फार अप्रूप. दरवेळी ते मला ती सांगतात आणि मी दरवेळी ऐकते, कारण सांगताना त्यांच्या आवाजात जे येतं ते घरी बसून येत नाही.

आज आम्ही फक्त दोनच लेणी बघणार. चौतीसच्या चौतीस एका दिवसात संपवायची, ही घाई एक दिवस हाताशी असलेल्या माणसाची. आम्ही उद्याही इथंच आहोत.

दुपारी ४.३०

दहावं लेणं, विश्वकर्मा. लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. छताला दगडाच्या फासळ्या आहेत, हुबेहूब लाकडी वाशांसारख्या. लाकडी चैत्यगृहं बांधणाऱ्यांची पद्धत दगडात उतरली, भार पेलायची गरज उरली नाही तरी वासे राहिले. शेवटी स्तूप आणि त्याच्यासमोर पाय सोडून बसलेला बुद्ध. पूर्वी सुतार मंडळी याला विश्वकर्मा मानून दर्शनाला येत.

साडेचारला सज्जावरच्या गवाक्षातून ऊन आत आलं. आधी खांबांवर, मग फरशीवर, हळूहळू आत सरकत. मार्चमध्ये काही दिवस तेच ऊन थेट बुद्धाच्या मुखावर येतं आणि ते पाहायला लोक जमतात. फेब्रुवारीत तेवढं होत नाही, पण फासळ्यांच्या कडा उजळतात आणि एकेक वासा सुटा मोजता येतो. हे वास्तूच्या माणसांनी मुद्दाम धरलेलं गणित असावं. खिडकी कुठं, किती उंच, मूर्ती किती आत, हे ठरवताना त्यांनी दिवसाचा कोणता तास मनात धरला होता, ते त्या तासाला इथं उभं राहिल्याशिवाय समजत नाही.

बाजूला एक शाळकरी मुलगा उभा होता, गावातलाच. मी विचारलं, “बाळा, रोज येतोस?” तो म्हणाला, “आजी, उन्हाच्या टायमाला येतो.” त्याला माहीत होतं.

संध्याकाळी ६.१५

लेण्यांचं फाटक बंद व्हायच्या आत बाहेर. वेरूळ गाव भोसल्यांचं. मालोजीराजांच्या गढीचे अवशेष इथं आहेत, शेजारी शहाजीराजांचं स्मारक. घृष्णेश्वराचं आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी उभारलेलं, तांबूस दगडाचं. संध्याकाळच्या गर्दीत आम्ही बाहेरूनच हात जोडतो. गाभाऱ्यातलं दर्शन उद्या पहाटे, रांग नसताना. पेरूवाल्या मावशींकडून एक किलो पेरू.

संध्याकाळी ७.१५

मुक्काम खुलताबाद तालुक्यातल्या एका शेतात, यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या घरी. दिवस मावळायच्या सुमारास कुठं थांबायचं हे आम्ही सकाळीच ठरवलेलं असतं, फोन करून विचारलेलं असतं. रस्त्याच्या कडेला, लेण्यांच्या वाहनतळात, जंगलाच्या तोंडाशी रात्र काढायची नाही.

आल्याआल्या तीन कामं, त्याच क्रमानं. गाडी सपाट जागी लावून चाकांना दगड. संडासाची पेटी यांनी घराच्या पक्क्या संडासात रिकामी करून, धुऊन, मोकळ्या जागी उपडी ठेवायची. सांडपाणी सहकाऱ्याच्या बायकोला, वहिनींना, विचारून बांधावरच्या खड्ड्यात सोडायचं, पिकाच्या सरीत नाही, विहिरीच्या अंगाला तर नाहीच. पाणी आज घ्यायची गरज नाही. टाकीचा काटा अर्ध्याच्या जरा वर आहे. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या विहिरीतलं पाणी लागेल तेवढंच मागायचं.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या उभ्या करायला तळ, तिथं पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असावी, असा त्यामागचा विचार. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर असे चार तळ झाले, आणि ते गावच्या शेतकऱ्यांनी किंवा बचत गटाच्या बायकांनी चालवले, तर पैसा गावात राहील आणि घाण ओढ्यात जाणार नाही. तळाला फार काही लागत नाही: सपाट जागा, एक नळ, एक विजेचा सॉकेट, पक्की सेप्टिक टाकी. खांबामागून खांब देणाऱ्या पितळखोऱ्याच्या दात्यांच्या मानानं हे काम लहान आहे.

रात्री ८.१५

अंगणात आगटी पेटवली आहे. ज्वारीची कणसं भाजून वहिनी चोळून देतात. गरम हुरडा, लसणाची चटणी, गूळ, ताक. यांच्या नि भाऊजींच्या गप्पा कारखान्यातल्या, कुठला सुपरवायझर कुठं गेला, कुणाच्या मुलाला कुठं काम लागलं. वहिनी मला विचारतात, “गाडीत झोप लागती का तुम्हाला?” लागते. जागा बदलली तरी अंथरूण, उशी, तांब्या, देवाचा छोटा फोटो तोच असतो. त्यांचं आयुष्य लेण्यांपासून पाच किलोमीटरवर गेलं, पण विश्वकर्मा लेण्यात त्या एकदाही गेल्या नव्हत्या. शेतातून सवडच झाली नाही. उद्या दुपारी चारला त्या आमच्याबरोबर येणार आहेत. त्यांच्या सूनबाईनं म्हशीची धार काढायचं कबूल केलं आहे.

रात्री ९.३०

गाडीच्या फळीवर वही उघडून मी दिवस मांडते. किलोमीटर एकशे तीसच्या आसपास, डिझेल तेरा लिटर, टोल, तिकिटं, भाजी, पेरू. बॅटरीचा आकडा, पाण्याचा काटा. पितळखोऱ्याला कोणत्या वेळेला ऊन कुठं होतं, कैलासात कुठल्या कोपऱ्यात अजून अंधार होता, विश्वकर्म्यात तिरीप किती वाजता आली, हेही मी लिहिते. यात्रेकरूंच्या वहीत खर्च असतो. मला वाटतं, तासही असावेत, म्हणजे पुढच्याला उपयोगी पडतील.

उद्याचं ठरलं आहे. पहाटे घृष्णेश्वर. मग यादवांच्या देवगिरीवर, किल्ला उघडताना, म्हणजे चढण उन्हाच्या आत होईल आणि अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारातून, वर येताना दम लागणार नाही. दुपारी वहिनींना घेऊन पुन्हा वेरूळ. परवा बजाजनगर, टाकी पुन्हा भरायची.

आमच्यासारखी गाडी प्रत्येकाला जमणार नाही, आणि तिची गरजही नाही. वेरूळला, खुलताबादला राहायच्या साध्या जागा आहेत. एसटी आहे. पण वाळूजमधून, सिडकोतून, शहरातून वर्षातून एकदा तरी कुणी मुक्कामाला जावं. पितळखोऱ्याला सकाळी आठला उतरावं, कैलासात तीनला शिरावं, विश्वकर्म्यात साडेचारला उभं राहावं, मंगळवार टाळावा, कचरा परत आणावा. ज्यांनी आयुष्यभर पाळी सांभाळून हातानं काम केलं, त्यांना सोनार कण्हदास आणि कैलासाचा तो चकित झालेला कारागीर आपले वाटतील. तासाभराच्या अंतरावर ते आपली वाट बघतायत. एक रात्र काढून त्यांना भेटायला जाणं आपल्या हातात आहे.